पट्टा ओढायचा नाही, फिरवायचा: पद्मिनीचा फॅन बेल्ट घरच्या घरी बदलताना

बीडहून मांजरसुंब्याचा घाट चढताना, मे महिन्यातल्या दुपारी दोन वाजता, आमच्या जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीच्या डॅशबोर्डवर चार्जिंगचा लाल दिवा पेटला. गाडी नेहमीसारखीच ओढत होती, आवाज बदलला नव्हता. मला वाटलं, एखादी वायर सैल झाली असेल, वर गेल्यावर बघू. शेजारी बसलेले दादा एवढंच म्हणाले, "आधी बंद कर. कामून पेटला ते मग बघू." मी अर्धा किलोमीटर तशीच रेटली. तेवढ्यात गरमीचा काटा उजवीकडे टेकला आणि बोनेटच्या फटीतून वाफ आली.

फॅन बेल्ट तुटला होता. लिंबाच्या सावलीत गाडी थंड होण्याची वाट बघण्यात दीड तास गेला. नवा पट्टा डिकीत होता, पण तो बसवायला पुढे दोन तास लागले आणि दोन्ही हातांच्या बोटांची सालटी निघाली. आज तेच काम मी घरी पाऊण तासात करतो. हात काही फार सराईत झाले असं नाही. कामाचा क्रम कळला, इतकंच. तो क्रम इथे नीट मांडतो.

हा एक पट्टा तीन कामं करतो. क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या पुलीवरून निघून तो वॉटर पंप फिरवतो, पंपाच्याच दांड्यावर बसवलेला पंखा फिरवतो आणि बॅटरी चार्ज करणारा डायनामो फिरवतो. पट्टा गेला की तिन्ही एकाच क्षणी थांबतात. इंजिन मात्र थांबत नाही, कारण ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर इंजिनाच्या आतल्या दात्यांवर चालतो आणि ठिणगीपुरता करंट बॅटरी देत राहते. खरा धोका इथेच आहे. गाडी चालत राहते म्हणून माणूस चालवत राहतो, आणि आतलं पाणी जागच्या जागी उकळतं. पद्मिनीच्या १०८९ सीसी इंजिनाचा ब्लॉक बिडाचा, पण हेड, म्हणजे त्याच्यावरचं झाकण, ॲल्युमिनियमचं. ते जास्त तापलं की वाकतं, मग त्या दोघांमधलं सील, हेड गॅस्केट, जातं. काहीशे रुपयांच्या पट्ट्यापायी हेड उतरवून घासायला पाठवायची पाळी येते. म्हणून जुन्या गाडीत लाल दिवा म्हणजे नुसती चार्जिंगची तक्रार समजू नका. चालत्या गाडीत तो पेटला आणि पेटलेलाच राहिला, तर तिथेच कडेला घ्या.

आपल्या भागात याला आणखी एक बाजू आहे. एप्रिल-मेमध्ये मराठवाड्यात पारा बेचाळिशीच्या वर जातो, आणि ज्या लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या प्रदेशात उकळलेल्या रेडिएटरसाठी रस्त्यावर पाणी मिळेलच असं धरून चालता येत नाही. आमच्याकडे मार्च लागण्याआधी पट्टा बघितलाच जातो.

जागा अडचणीची का असते

कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ मध्ये 'फियाट ११०० डिलाइट' म्हणून निघालेली आणि १९७४ पासून 'पद्मिनी' झालेली ही गाडी मुळातच आटोपशीर. पंखा आणि रेडिएटर यांच्यात जागा बेताचीच. त्यात आपल्याकडे उन्हाळ्यासाठी म्हणून बरेच जण रेडिएटरवाल्याकडून जास्त रांगांचा जाड कोर बसवून घेतात. आमच्या गाडीतही तसाच आहे. गाडी थंड राहते हे खरं, पण कोर पंख्याकडे सरकतो आणि मधल्या फटीत आडवं बोट जेमतेम शिरतं. कुणी एसी बसवला असेल तर कॉम्प्रेसरचा दुसरा पट्टा पुढे येतो, आणि तो आधी काढल्याशिवाय मागचा निघत नाही.

ॲम्बॅसेडरवाल्यांनाही पुढचं सगळं लागू पडेल. पट्ट्याची रचना तीच, बोनेटखाली जागा मात्र ऐसपैस. फरक पान्यांचा: पद्मिनीचे बोल्ट मेट्रिक मापाचे, तर जुन्या पेट्रोल ॲम्बॅसेडरचे इंची. इंची बोल्टला जवळपासचा मिलिमीटरचा पाना लावलात तर कोपरे गोल होतील आणि मग तो बोल्ट छिन्नीशिवाय निघणार नाही.

पट्टा कुठला घ्यायचा

मला वाटतं, निम्म्या लोकांचं काम इथेच बिघडतं. जुना पट्टा दुकानात नेऊन "असाच द्या" म्हणायची सवय सोडा. जुना पट्टा ताणलेला असतो. त्याच्या मापाचा नवा घेतला तर तो पहिल्या दिवसापासून लांब पडतो आणि डायनामो पट्टीच्या टोकापर्यंत ओढूनही ताण येत नाही.

त्यापेक्षा न ताणणारी दोरी घ्या. डायनामो त्याच्या खाचेच्या पट्टीत, इंजिनाच्या बाजूने एक तृतीयांश अंतरावर येईल असा ठेवा. तिन्ही पुल्यांच्या बाहेरच्या कडेवरून दोरी फिरवून माप घ्या. ही झाली पट्ट्याची बाहेरची लांबी. आता आकड्यांचा घोळ समजून घ्या. पट्ट्यावर '१० × ९२५' असं छापलेलं असेल तर वरची रुंदी १० मिलिमीटर आणि लांबी ९२५ मिलिमीटर, ती बहुधा बाहेरून मोजलेली. पण 'ए ३६' असं लिहिलं असेल तर ते आतून मोजलेले इंच. ए जातीच्या पट्ट्याची रुंदी १३ आणि जाडी ८ मिलिमीटर, त्यामुळे आतल्या आणि बाहेरच्या लांबीत सुमारे ५० मिलिमीटरचा फरक पडतो. दुकानदाराने आतलं माप बाहेरचं समजून दिलं तर पट्टा दोन इंच लांब निघतो.

रुंदी लांबीइतकीच महत्त्वाची. हा पट्टा पुलीच्या तळाशी बसून ओढत नाही, त्याच्या दोन तिरक्या बाजू पुलीच्या भिंतींना घट्ट पकडतात आणि त्या पकडीवर सगळं चालतं. बारीक पट्टा तळाला टेकला की पकड गेली. मग कितीही ताणा, तो घसरणारच. आतल्या बाजूने दाते असलेला पट्टा मिळाला तर तोच घ्या. लहान पुलीभोवती तो सहज वळतो, आणि अडचणीच्या जागेतून सरकवतानाही तेवढाच सोपा जातो.

आदल्या रात्री आणि सकाळी

आदल्या रात्री डायनामोच्या बोल्टांवरची धूळ ताराच्या ब्रशने झाडा आणि गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. आपल्याकडची काळ्या मातीची बारीक धूळ तेलात मिसळून बोल्टाभोवती लिंपणासारखी बसते. ती न काढता पाना लावला तर तो वरच्यावर बसतो आणि घसरतो.

काम पहाटे करा, इंजिन पूर्ण थंड असताना. सपाट जागा, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकाला पुढून-मागून दगड, गिअर न्यूट्रल. किल्ली काढून खिशात ठेवा आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. कुणी पुढे इलेक्ट्रिक पंखा बसवला असेल तर तो आपोआप सुरू होऊ शकतो, त्यामुळे ही पायरी टाळू नका. अंगठी, घड्याळ, गळ्यातला गमछा काढून ठेवा. उन्हाळ्यात गमछा आपल्या अंगाचाच भाग होतो, त्याचं भान राहत नाही.

मग एक जाड पुठ्ठा रेडिएटरच्या मापाचा कापून पंखा आणि रेडिएटर यांच्या मधोमध सोडा. सगळ्या तयारीत मी याला पहिला नंबर देईन. पाना सटकला तर पुठ्ठ्यावर आपटतो, रेडिएटरच्या नाजूक पत्र्यांवर नाही, आणि बोटंही सोलत नाहीत. पंख्याच्या पात्यांच्या कडा धारदार असतील तर टोकांना कापडी टेप गुंडाळा. हातमोजे घालू नका, अशा फटीत बोटांना स्पर्श कळायला हवा.

जुना पट्टा उतरवणं

आधी डायनामो कसा धरलाय ते टॉर्चच्या उजेडात नीट बघा. एका बाजूला लांबट खाच असलेली पट्टी आहे, तिचा बोल्ट ताण ठरवतो. दुसऱ्या बाजूचे बोल्ट बिजागरीसारखे, त्यांच्यावर डायनामो झुलतो. पट्टीचा बोल्ट सैल करा, मग बिजागरीचे. फक्त अर्धा ते एक आटा. पूर्ण काढू नका, डायनामो जड असतो आणि लटकला की तारांवर ताण येतो. खूप जण फक्त पट्टीचा बोल्ट सोडतात आणि डायनामो हलत नाही म्हणून टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, लावून जोर करतात. त्याने डायनामोचा बोल्ट धरणारा कान तुटतो.

सैल झाला की डायनामो इंजिनाकडे ढकला. पट्टा ढिला पडेल. तो आधी डायनामोच्या पुलीवरून काढा, मग खाली क्रँकवरून. आता तो फक्त पंपाच्या पुलीवर लोंबकळतोय आणि पंखा हाताने मोकळा फिरतोय.

इथे माझ्या चुकीची आठवण होते. घाटात त्या दिवशी मी सगळा वेढा एकदमच पंख्यावरून घालायला बघत होतो. जुना असो की नवा, पट्टा तसा जात नाही. मोंढ्यामागच्या गॅरेजातले मिस्त्रीचाचा, ज्यांच्याकडे दादा गाडी नेत, त्यांनी पुढे मला दाखवलं. "बेटा, पट्टा ओढू नको. पंखा फिरव, पट्टा आपला आपण येतो." वेढ्याचा वरचा भाग धरायचा आणि फक्त सर्वांत वरच्या पातीच्या टोकावरून पुढे आणायचा. मग पंखा हळूच फिरवायचा, पुढची पाती वर आली की तिच्यावरून. अशा एकेक करून सगळ्या पात्या वेढ्यातून बाहेर पडतात. वरच जागा जास्त असते, म्हणून प्रत्येक पाती वर आणायची. हात एका जागी, फिरतो तो पंखा. फट फारच अरुंद असेल तर पट्टा पातीच्या टोकाशी आडवा पिळून सपाट धरा. त्याची जाडी रुंदीपेक्षा कमी असते.

पट्टा आधीच तुटला असेल तर काढायला काही नाही, पण त्याचे धागे शोधा. तुटताना ते पंपाच्या दांड्याभोवती किंवा क्रँक पुलीच्या मागे गुंडाळले जातात. ते तसेच राहिले तर नवा पट्टा आठवड्यात खराब होतो.

नवा घालण्याआधी पाच मिनिटं

पट्टा निघालेला असताना जे दिसतं ते एरवी दिसत नाही. पंख्याची दोन पाती धरून पुढे-मागे हलवा. दांडा खडखडला तर पंपाचं बेरिंग गेलंय. पंपाच्या पोटाशी एक लहान भोक असतं, तिथे पाण्याचा ओघळ किंवा पांढरा-हिरवा डाग दिसला तर आतलं सील गळतंय. पंप आजच बदला, नाहीतर महिन्याभरात हेच काम पुन्हा करावं लागेल. डायनामोची पुली हाताने फिरवून बघा: घरघर नको, सहज फिरायला हवी.

पुल्यांच्या खाचा चिंधीने पुसा. खाचेचा तळ चकाकत असेल तर जुना पट्टा तळाला घासत होता. म्हणजे एकतर तो बारीक होता, नाहीतर पुलीच झिजलीय. भिंती आत खोलगट झाल्या असतील तर नवा पट्टाही चीं-चीं करेल. तिन्ही पुल्या एका रेषेत आहेत का ते पोलादी पट्टी कडेला टेकवून तपासा. डायनामो काढून कधी दुरुस्तीला दिला असेल तर वॉशर इकडचे तिकडे लागतात आणि पुली दोन-तीन मिलिमीटर मागेपुढे होते. एका बाजूने झिजलेला पट्टा त्याची खूण.

नवा पट्टा चढवणं

क्रम उलटा. आधी पंखा, एकेक पाती वर आणत, वेढा तिच्यावरून मागे नेत. मग पंपाची पुली, मग क्रँक, आणि सगळ्यात शेवटी डायनामो. डायनामो पूर्ण आत ढकललेला असेल आणि माप बरोबर असेल तर पट्टा अंगठ्याच्या जोरावर चढतो.

चढत नसेल तर स्क्रू ड्रायव्हरने पुलीच्या कडेवरून उचकटून चढवू नका. पट्ट्याच्या आत ताण पेलणारे दोरे असतात. ते उचकटताना तुटतात आणि वरून काहीच दिसत नाही. असा पट्टा दोन-तीन महिन्यांत, बहुधा गाव सोडून लांब असताना तुटतो. नाहीच चढला तर लांबी पुन्हा मोजा.

फटीतून पट्टा जातच नसेल तर वीस मिनिटांपेक्षा जास्त झटापट करू नका. रेडिएटरचे धरणारे बोल्ट सैल करा. पाण्याचे रबरी होज न काढताही तो पुढे थोडा सरकतो, आणि तेवढी जागा पुरते. तरी नाही जमलं तर पंख्याचे बोल्ट काढा, पण आधी पंख्याच्या पुढच्या बाजूला खडूने खूण करा. तो उलटा बसला तर हवा त्याच दिशेला खेचेल, पण फार कमी, आणि गाडी का तापते हे शोधण्यात उन्हाळा जाईल. पूर्ण रेडिएटर काढायची वेळ आली तर त्यातलं कूलंट स्वच्छ टबात धरा आणि फडक्यातून गाळून परत वापरा.

ताण

ताण देताना एक हात डायनामो बाहेर ओढून धरतो आणि दुसरा बोल्ट आवळतो. दाटीत हे एकट्याने होत नाही. मी बाभळीच्या लाकडाची पाचर करून ठेवलीय. डायनामो आणि ब्लॉक यांच्यामध्ये ती हलकेच ठोकली की डायनामो हवा तिथे थांबतो आणि दोन्ही हात मोकळे राहतात. पाचर असो की दांडा, जोर डायनामोच्या पुढच्या, म्हणजे पुलीकडच्या झाकणावर द्यायचा. मधल्या पत्र्याच्या अंगावर दिला तर तो चेपतो आणि आत कॉइलला लागतो. लोखंडी टॉमीपेक्षा लाकूड बरं.

आधी पट्टीचा बोल्ट आवळा, मग बिजागरीचे, मग पाचर काढा. आता पट्ट्याचा सर्वांत लांब मोकळा भाग बघा आणि मधोमध अंगठ्याने दाबा. १० ते १३ मिलिमीटर दबला पाहिजे, म्हणजे साधारण अर्धा इंच. कमी दबत असेल तर ताण जास्त आहे. त्याने पंपाचं बेरिंग आणि डायनामोचं बुश खाल्लं जातं. माझ्या अनुभवात सैल पट्ट्यापेक्षा अति आवळलेल्या पट्ट्याने जास्त पंप गेलेत, कारण सैल पट्टा ओरडून सांगतो आणि घट्ट पट्टा गप्प राहतो.

पुठ्ठा काढा. बॅटरी जोडा. पाने मोजून पेटीत ठेवा, बॅटरीच्या तबकात राहिलेला पाना पहिल्या खड्ड्यात पंख्यात पडतो. गाडी सुरू करा आणि बाजूला उभे राहून ऐका, पंख्याच्या रेषेत उभं राहू नका. थोडा ॲक्सिलरेटर दिला की लाल दिवा विझला पाहिजे. डायनामो असलेल्या गाडीत आयडलला तो मंद लुकलुकतो, त्याची काळजी नको. दहा मिनिटं चालवून बंद करा, थंड होऊ द्या, ताण पुन्हा बघा.

पट्टा ओरडत असेल तर साबण, मेणबत्ती, राळ यातलं काहीही चोळू नका. आवाज दोन दिवस जातो, पण बाजू गुळगुळीत होतात आणि पकड कायमची कमी होते. तेल लागलं असेल तर पट्टा बदलाच, आणि तेल कुठून आलं तेही बघा.

नवा पट्टा पहिल्या काही दिवसांत पुलीत बसतो आणि थोडा ताणला जातो, म्हणून दीडशे-दोनशे किलोमीटरनंतर ताण पुन्हा तपासायचाच. बीड ते छत्रपती संभाजीनगर जाऊन-येऊन तेवढं सहज होतं. त्यानंतर मी दर दिवाळीला आणि दर फेब्रुवारीत बघतो: आतून पिळून भेगा, बाजूंची चकाकी, कडेला सुटलेले धागे. यातलं एक जरी दिसलं तरी बदलतो.

एक नवा पट्टा डिकीत असू द्या, पण उन्हात तापणाऱ्या पत्र्याला चिकटून नको आणि पेट्रोलच्या कॅनजवळ तर नकोच. कापडात सैल गुंडाळून, घडी न मोडता ठेवा. त्याच्यासोबत लागणारे दोन पाने, पाचर, पुठ्ठा आणि पाच लिटर पाणी. आमच्या गाडीत बोनेटच्या आतल्या बाजूला पट्ट्याचं माप आणि बदलल्याची तारीख पांढऱ्या रंगाने लिहिलेली आहे. वरच्या दोन तारखा दादांच्या हातच्या आहेत.